कामाचा ताण आणि चिंता: स्वतःचे उपाय, समुपदेशन, गोळ्या, रजा की नोकरीबदल?

रविवारची दुपार कलली की पोटात गोळा येतो. सोमवारी लॅपटॉप उघडताना हात गार पडतात. साहेबांचा 'पाच वाजता जरा बोलू' एवढा मेसेज आला की पाच वाजेपर्यंत दुसरं काही सुचत नाही. या अवस्थेतल्या माणसाला सल्ला मागावाही लागत नाही. प्राणायाम कर, चार दिवस गावी जाऊन ये, डॉक्टरला दाखव, गोळ्यांच्या नादी लागू नकोस, सोड ती नोकरी, असं सगळं एकाच आठवड्यात कानावर पडतं. यातला प्रत्येक सल्ला कुणाला तरी लागू पडलेला असतो. तुम्हाला कुठला लागू पडेल, हे तुमचा त्रास कशावर पोसला जातोय त्यावर ठरतं. ते न तपासता उपाय उचलला की आजार रेड्याला आणि औषध पखालीला अशी गत होते. तीन माणसांचं काम एकटा ओढणारा ध्यानाला बसतो, आणि ज्याची चिंता घरीदारी पिच्छा सोडत नाही तो नोकऱ्या बदलत राहतो.

तुलनेआधी त्रास ओळखा

ताण बाहेरून येतो: काम जास्त, वेळ कमी, आणि निर्णय आपल्या हातात नाही. कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेलं सूत्र आजही उपयोगी पडतं. कामाची मागणी जास्त आणि कामावरचा ताबा कमी, ही जोडी माणसाला सर्वांत जास्त झिजवते. म्हणून बारा तास राबणाऱ्या दुकानमालकापेक्षा नऊ तासांच्या शिफ्टमध्ये बाथरूमला जायलाही विचारावं लागणारा कॉल सेंटरचा कर्मचारी लवकर खचू शकतो.

चिंतेला बाहेरचं कारण लागतंच असं नाही. ती विषय बदलते. ऑफिसचं प्रेझेंटेशन पार पडलं की आईचं बीपी, ते झालं की घराचा हप्ता.

दोन्हींतला फरक कळायला गणपती-दिवाळीची सुट्टी चांगली कसोटी आहे. सलग चार-पाच दिवस ऑफिसचा मेल बंद ठेवला आणि तिसऱ्या दिवसापर्यंत झोप लागायला लागली, भूक परतली, तर मुख्य दोष कामाच्या मांडणीत आहे. सुट्टीतही पहाटे चारला जाग येऊन मन पुढच्या सोमवारचे अंदाज बांधत बसत असेल, तर चिंता आता कामापासून वेगळी होऊन स्वतःच्या पायावर उभी राहिली आहे. तिसरा प्रकार बर्नआउटचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची व्याख्या केली आणि तो आजार नसून कामाशी निगडित अवस्था असल्याचं स्पष्ट केलं. शक्ती संपणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं, ही त्याची तीन लक्षणं.

आकडा हवा असेल तर जीएडी-७ ही सात प्रश्नांची चाचणी भरा. गेल्या दोन आठवड्यांत अस्वस्थ वाटणं, काळजी थांबवता न येणं, बऱ्याच गोष्टींची अति काळजी, शांत होता न येणं, एका जागी बसवत नसल्यासारखी चुळबूळ, चटकन चिडणं, काहीतरी भयंकर घडेल अशी धास्ती हे किती दिवस झालं? अजिबात नाही ०, काही दिवस १, निम्म्याहून जास्त दिवस २, जवळपास रोज ३. एकूण २१ पैकी ५ ते ९ सौम्य, १० ते १४ मध्यम, १५ किंवा जास्त तीव्र. १० किंवा जास्त आले तर तज्ज्ञाला दाखवायचं. निदान मात्र आकड्यावरून होत नाही, ते तज्ज्ञच करतात.

दोन गोष्टी मात्र या तुलनेच्या बाहेर आहेत. पहिली शरीराची. थायरॉइड वाढलेला असेल तर धडधड, घाम, थरथर, वजन घटणं हे सगळं चिंतेसारखंच दिसतं. एकदा टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. छातीत दुखत असेल तर आधी ईसीजी, मग बाकीचं. दुसरी छळाची. लैंगिक छळ होत असेल तर श्वासाचे व्यायाम हे त्यावरचं उत्तर नव्हे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक आस्थापनेत २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती असावीच लागते, आणि तिच्याकडे घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करायची असते.

जगू नये असं वाटत असेल, स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर पुढचं वाचत बसू नका. टेलिमानस या सरकारी मोफत मदतसेवेच्या १४४१६ वर आत्ता फोन करा, किंवा कुणाला तरी सोबत घेऊन जवळच्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा.

एका नजरेत

| पर्याय | साधारण खर्च | फरक कधी जाणवतो | कुणासाठी | कुठे फसतं |
|---|---|---|---|---|
| स्वतःचे उपाय | नाही | २ ते ४ आठवडे | सौम्य चिंता, गुण १० च्या आत | फक्त घाबरल्यावरच करणं |
| वरिष्ठांशी बोलून कामाची फेरमांडणी | नाही | पटलं तर त्याच आठवड्यात | सुट्टीत उतरणारा ताण | 'खूप ताण आहे' एवढंच सांगणं |
| टेलिमानस किंवा कंपनीचं समुपदेशन | मोफत | पहिल्याच बोलण्यात थोडा हलकेपणा | सुरुवात कुठून करावी कळत नाही त्यांना | सत्रं संपली की मधेच सुटणं |
| सीबीटी (विचार-वर्तनावर काम करणारी थेरपी) | खासगीत सत्राला १,००० ते २,५०० रु. | ४ ते ६ सत्रांनंतर | सुट्टीतही न सोडणारी चिंता, टाळाटाळ | गृहपाठ न करणं |
| औषध | तपासणी फी, अधिक गोळ्या | २ ते ४ आठवड्यांनंतर | तीव्र चिंता, झोप-भूक उडालेली | बरं वाटताच बंद करणं |
| रजा | रजेचे दिवस | ३ ते ४ दिवस | थकवा, बर्नआउटची सुरुवात | परत त्याच ढिगाऱ्यात |
| नोकरीबदल | सर्वांत जास्त | २ ते ६ महिने | मांडणी बदलणं शक्यच नाही तेव्हा | चिंता सोबत येते |

स्वतःचे उपाय: श्वास, चिंतेची वेळ, चालणं, ध्यान

या चारही गोष्टी 'रिलॅक्स होण्याचे उपाय' म्हणून एकत्र सांगितल्या जातात, पण त्यांची कामं वेगळी आहेत.

श्वास ही त्या वेळेपुरती मदत आहे. मीटिंगच्या आधीची दहा मिनिटं निभावून नेते, चिंतेचं मूळ हलवत नाही. चार सेकंद नाकाने आत, सहा सेकंद बाहेर, पाच मिनिटं. म्हणजे मिनिटाला सहा श्वास. बहुतेकांची चूक एकच होते: 'दीर्घ श्वास घ्या' ऐकून छाती फुगवून हवा भरतात. घाबरलेला माणूस आधीच जास्त श्वास घेत असतो. त्यात आणखी हवा भरली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, आणि हार्ट अटॅकच आला असं वाटून भीती दुप्पट होते. आत घ्यायचा श्वास नेहमीएवढाच ठेवा. लांबवायचा तो बाहेर सोडायचा. भ्रामरी येत असेल तर तीही चालेल, गुंजारवामुळे उच्छ्वास आपोआप लांबतो. मन शांत असताना सकाळ-संध्याकाळ दोन आठवडे सराव झाला असेल तरच गरजेच्या वेळी तो हाताशी येतो.

चिंतेची वेळ हा आमच्या मते सर्वांत दुर्लक्षित आणि विषय बदलत राहणाऱ्या चिंतेवर सर्वांत कामाचा घरगुती उपाय. थॉमस बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये तो अभ्यासला. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी ३० मिनिटं चिंता करण्यासाठीच बसायचं. दिवसभरात चिंता आली की चार-पाच शब्दांत टिपायची, 'शुक्रवारचा डेमो, क्लायंट चिडेल', आणि संध्याकाळवर ढकलायची. वेळ आली की वहीत दोन रकाने करा: यावर आज-उद्या काही करता येईल, आणि यावर काहीच करता येणार नाही. पहिल्यासमोर अगदी छोटं पहिलं पाऊल लिहा: 'गुरुवारी ११ वाजता टेस्ट सर्व्हरवर एकदा चालवून बघणे'. दुसऱ्यासमोर फक्त 'माझ्या हातात नाही' लिहून पुढे जा. टिपलेल्या निम्म्या गोष्टी संध्याकाळपर्यंत विरलेल्या असतात. हे दिसणं हाच उपचाराचा भाग आहे.

यात तीन चुका होतात. लोक हे अंथरुणात करतात, मग पलंगाशी चिंतेची गाठ पडते. झोपायच्या किमान दोन तास आधी आणि खुर्चीवर बसूनच करा. आज चिंता नाही म्हणून वेळ चुकवतात. आणि चौथ्या दिवशी 'उपयोग नाही' म्हणून सोडतात. मनाला विषय पुढे ढकलायची सवय लागायला दोन आठवडे जातात.

चालण्याबद्दल फार सांगायला नको. आठवड्याला १५० मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. चहा-कॉफीकडे मात्र लक्ष द्या. कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे चारच्या कॉफीतलं निम्मं कॅफिन रात्री नऊला अंगातच असतं. एकदम बंद केलं तर दोन-तीन दिवस डोकं दुखतं. रोज एक कप कमी करत आणा. रात्रीच्या दोन पेगांनी झोप लागते खरी, पण उतरताना ती पहाटेच तुटते आणि सकाळी धास्ती वाढलेली असते.

ध्यानाबद्दल २०२२ मध्ये अमेरिकेतला एक चांगला अभ्यास प्रसिद्ध झाला: २७६ चिंताग्रस्त प्रौढांत आठ आठवड्यांचं माइंडफुलनेस प्रशिक्षण एस्सिटालोप्राम या औषधाच्या तोडीचं ठरलं. बातमी वाचून लोकांनी अ‍ॅप डाउनलोड केली. त्या प्रशिक्षणात आठवड्याला अडीच तासांचा वर्ग आणि घरी रोज पाऊण तास सराव होता. लोकलमध्ये पाच मिनिटं अ‍ॅप ऐकणं ही वेगळी गोष्ट आहे. इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यनेचाही विचार बरेच जण करतात. पहाटे चारला उठणं, मौन, दिवसात दहा तासांच्या आसपास ध्यान. मन मुळात स्थिर असेल तर तो मोलाचा अनुभव आहे. चिंता ऐन भरात असताना, पॅनिकचे झटके येत असताना किंवा गोळ्या नुकत्याच सुरू झालेल्या असताना मात्र ती पहिली पायरी असू नये. अर्जात आरोग्याची माहिती विचारतात, ती खरी द्या.

कामाची फेरमांडणी: साहेबांशी काय आणि कसं बोलायचं

सुट्टीत उतरणारा ताण असेल तर हा पर्याय बाकी सगळ्यांच्या आधी येतो, आणि नेमका हाच लोक शेवटी ठेवतात. 'ताण आहे' असं म्हटलं की वरिष्ठ सहानुभूती देतात, काम कमी होत नाही. त्यांना निवड करायला लावायची असते.

आधी दोन आठवड्यांची नोंद काढा: कुठलं काम, किती तास, कुणी सांगितलं, ऐनवेळी आलं का. मग वीस मिनिटं मागून घ्या आणि असं बोला: 'माझ्याकडे सध्या चार कामं आहेत, मिळून आठवड्याला ६२ तासांची. ४८ तासांत तीन नीट होतील. त्यातलं कुठलं पुढे ढकलू ते तुम्ही सांगा.' दुसरी मागणी ताब्याची: 'सकाळी साडेदहा ते साडेबारा मेसेजला उत्तर देणार नाही, तातडीचं असेल तर फोन करा.' तिसरी स्पष्टतेची: प्राधान्यक्रम बदलला तर तो एका ओळीच्या मेलवर मिळावा. तिन्ही एकदम मागू नका. पहिली पटली की पुढच्या पंधरवड्यात दुसरी. बोलणं झाल्यावर त्याच दिवशी 'आज ठरल्याप्रमाणे' असा चार ओळींचा मेल टाका, नाहीतर आठवड्याभरात सगळं पूर्वपदावर येतं.

निदान सांगायचं की नाही? काम कमी करून घ्यायला त्याची गरज नसते, आणि एकदा सांगितलेलं परत घेता येत नाही. लांबची रजा किंवा शिफ्ट बदलून हवी असेल तरच, आणि तेव्हाही शक्यतो मनुष्यबळ विभागाला डॉक्टरांच्या पत्रासह सांगा.

टेलिमानस की कंपनीचं समुपदेशन?

टेलिमानस ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. गरज वाटली तर तिथून पुढे मानसोपचारतज्ज्ञाशी जोडून देतात. रात्री अकराला जीव टांगणीला लागलाय आणि घरात कुणाला सांगवत नाही, अशा वेळी याला तोड नाही. मर्यादा अशी की दर वेळी तीच व्यक्ती मिळेल याची खात्री नसते, म्हणून काही महिने चालणाऱ्या उपचाराची जागा ही सेवा घेत नाही.

मोठ्या कंपन्यांत बाहेरच्या संस्थेमार्फत समुपदेशन असतं. एकाच समुपदेशकाकडे सलग काही सत्रं मिळतात, हा त्याचा मोठा फायदा. वापरण्याआधी तीन प्रश्न विचारा: वर्षाला किती सत्रं मिळतील? कंपनीला नाव कळतं की फक्त एकूण वापराचे आकडे? सत्रं संपल्यावर त्याच व्यक्तीकडे पैसे देऊन जाता येतं का? नोंदणी खासगी मेल आणि स्वतःच्या फोनवरून करा, ऑफिसच्या लॅपटॉपवरून नको. समुपदेशक बाहेरचा नसून मनुष्यबळ विभागाचाच कर्मचारी असेल, तर त्याच्याशी साहेबांबद्दल बोलताना हात राखूनच बोला. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ ने उपचारातल्या गोपनीयतेचा हक्क दिला आहे. जिवाला धोका असणं हा त्याला मोठा अपवाद.

सीबीटी की औषध?

निर्णय खरा अडतो तो इथे. सीबीटी विचार आणि वर्तन दोन्हींवर काम करते. तिचीच जवळची बहीण म्हणजे अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती, जी कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवली. आठवड्याला एक, अशी साधारण १२ ते १५ सत्रं लागतात.

सत्रात नेमकं काय चालतं ते 'पाच वाजता जरा बोलू' या मेसेजवरच पाहू. आधी मनातलं भाकीत शब्दांत पकडायचं: 'मला काढणार आहेत.' त्यावर विश्वास किती? समजा ८० टक्के. मग पुरावा: अशा मागच्या दहा बोलावण्यांत खरोखर वाईट बातमी किती वेळा होती? यानंतरचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. मेसेज आल्यापासून पाचपर्यंत तुम्ही काय करता? जुने मेल पाच वेळा वाचता, दोन सहकाऱ्यांना 'काही ऐकलंस का' विचारता, उत्तरांची तालीम करता. याने घटकाभर बरं वाटतं, आणि मन शिकतं की 'एवढं केलं म्हणून वाचलो'. चिंता टिकते ती इथे. म्हणून प्रयोग दिला जातो: या आठवड्यात तीन मेल एकदाच वाचून पाठवायचे, काय बिघडेल ते आधी लिहायचं, काय बिघडलं ते नंतर लिहायचं. मीटिंगमध्ये तोंड उघडत नसेल तर शिडी बांधतात: आधी एक प्रश्न विचारणं, मग दोन मिनिटांचा अहवाल, मग पाच स्लाइड्स. एका पायरीवरची भीती निम्म्याने उतरली की पुढची पायरी.

म्हणजे सीबीटीत गृहपाठ हाच उपचार आहे. तो न करता आठवड्याला एक तास बोलून येणाऱ्याला हलकं वाटतं, फरक पडत नाही. निवडताना क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का ते विचारा. विचारण्यात काही अवघड वाटू देऊ नका. चार सत्रं होऊनही ध्येय ठरलेलं नसेल, घरी करायला काही दिलं जात नसेल, तर तसं स्पष्ट बोला किंवा दुसरी व्यक्ती शोधा.

औषधाची बाजू वेगळी आहे. झोप गेली आहे, भूक उडाली आहे, दहा मिनिटं सलग लक्ष लागत नाही, अशा माणसाला गृहपाठ करता येत नाही. त्याला आधी जमीन लागते, ती औषध देतं. पहिली पसंती साधारणपणे एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालिन या गटाला असते. डॉक्टर कमी मात्रेने सुरुवात करतात, एस्सिटालोप्राम असेल तर ५ किंवा १० मिलिग्रॅम. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, पातळ शौचाला होणं, आणि काहींना चिंता उलट वाढल्यासारखं वाटतं. नेमक्या या टप्प्यावर बरेच जण गोळी सोडतात, कारण त्रास लगेच आलेला असतो आणि गुण यायला दोन ते चार आठवडे असतात. पूर्ण परिणाम सहा ते आठ आठवड्यांनी जोखायचा. लैंगिक इच्छा कमी होणं हा नेहमी दिसणारा दुष्परिणाम आहे. संकोचापोटी कुणी बोलत नाही आणि गोळी गुपचूप बंद करतं. डॉक्टरांना सांगा, मात्रा किंवा औषध बदलता येतं. पंचविशीच्या आतल्यांत सुरुवातीला आत्मघाताचे विचार वाढत नाहीत ना, याकडे घरच्यांनी लक्ष ठेवायचं.

'सवय लागेल' ही भीती दोन वेगळ्या औषधांची गल्लत झाल्यामुळे आहे. एस्सिटालोप्रामची तलफ लागत नाही, पण एकदम बंद केलं तर चक्कर, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके येतात. म्हणून ते हळूहळू उतरवतात, तेही बरं वाटल्यावर किमान सहा महिने ते वर्षभर चालू ठेवून. क्लोनाझेपाम आणि अल्प्राझोलाम यांची गोष्ट निराळी. तासाभरात शांत वाटतं, म्हणूनच धोका. दोन ते चार आठवड्यांपलीकडे रोज घेतली तर शरीर त्यांच्यावर अवलंबून राहायला लागतं. गाडी चालवताना झापड येते, दारूबरोबर तर जिवावर बेतू शकतं. आपल्याकडे एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत सर्रास दिलं जातं. तुमच्या पाकिटावर दोन नावं असतील तर पहिल्याच भेटीत विचारा: 'यातलं दुसरं औषध कधी आणि कसं बंद करायचं?' जुनी चिठ्ठी दाखवून केमिस्टकडून वर्षभर तीच गोळी घेत राहणं ही आमच्या दृष्टीने या सगळ्या विषयातली सर्वांत घातक सवय. आणि सहकाऱ्याने 'प्रेझेंटेशनआधी घे' म्हणून दिलेली प्रोप्रानोलोल ही धडधड कमी करणारी गोळी दमा असलेल्याला महागात पडते.

मग निवड कशी करायची? गुण १० ते १४, झोप बऱ्यापैकी, रोज अर्धा तास काढता येतो: आधी सीबीटी. ती संपल्यावरही शिकलेलं हाताशी राहतं, हा तिचा वरचष्मा. गुण १५ किंवा जास्त, किंवा नैराश्य सोबत, किंवा ऑफिसला जाणंच थांबलेलं: मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, औषध सुरू करा, आणि तीन-चार आठवड्यांनी सीबीटी जोडा. गावात थेरपिस्टच नसेल तर औषध आणि फोनवरची सत्रं हा पर्याय कमी प्रतीचा नाही. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल, रक्त पातळ करणारी किंवा सततची वेदनाशामक औषधं चालू असतील, तर ते आधी सांगा.

पैशांची अडचण असेल तर सरकारी सोय आहे. जिल्हा रुग्णालयांत मानसोपचाराची बाह्यरुग्ण सेवा असते. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, आणि त्यांची ओपीडी तुमच्यासारख्या नोकरदारांसाठीही आहे. मुंबईत केईएम, नायर, सायन, पुण्यात ससून, गोव्यात बांबोळीची संस्था. गर्दी असते, सकाळी लवकर जा. २०१७ च्या कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजाराच्या बरोबरीने धरायला लावलं, पण बहुतेक पॉलिसी दाखल झाल्यावरचाच खर्च देतात. बाह्यरुग्ण खर्चाचं कलम आहे का ते बघून मगच थेरपीचा हिशेब मांडा.

रजा की राजीनामा?

रजा थकव्यावर चालते, चिंतेवर कमी. चिंतेत टाळाटाळ हेच इंधन असतं: जितके दिवस ऑफिस चुकवाल, तितकं ते मनात मोठं होतं. म्हणून चिंता मुख्य असेल तर मोघम लांब रजेपेक्षा आठ-दहा दिवसांची, परतायची तारीख ठरलेली रजा बरी. परतताना बुधवारी किंवा गुरुवारी हजर व्हा, म्हणजे पहिला आठवडा दोन-तीन दिवसांचाच होतो. जायच्या आधी कामाची फेरमांडणी ठरवून ठेवा, नाहीतर साठलेले मेल पहिल्याच सकाळी सगळी रजा खाऊन टाकतात. पगार २१,००० रुपयांपर्यंत असलेल्या आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू असलेल्यांना डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, वेतनाच्या ७० टक्के दराने आजारपणाचा लाभ मिळू शकतो. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

राजीनाम्याआधी मागच्या नोकऱ्या आठवा. तिथेही सहा-आठ महिन्यांत हेच सुरू झालं असेल, तर पुढच्या ठिकाणीही होईल. आधी उपचार, मग निर्णय. याआधी कधीच असं झालं नसेल, फेरमांडणीची मागणी लेखी करून दोन महिने उलटले असतील आणि उत्तर 'सगळेच करतात' असंच असेल, तर नोकरी बदलणं हाच उपचार आहे आणि त्यात हार काही नाही. मात्र झोप उडालेल्या आठवड्यात राजीनामा पाठवू नका. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला आहे का पाहा. आयटीत नोटीस पिरियड बऱ्याचदा ६० किंवा ९० दिवसांचा असतो, आणि ते दिवस सुटकेचे वाटले तरी जिकिरीचे जातात. थेरपी त्या काळात थांबवू नका. कंपनीचा समूह आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो. त्याच विमा कंपनीची वैयक्तिक पॉलिसी घेता येईल का, हे नोटीस काळातच विचारून ठेवा, विशेषतः औषध चालू असेल तर.

निवडलेला पर्याय कधी बदलायचा

निवड केल्याच्या दिवशी जीएडी-७ चे गुण तारखेसह लिहून ठेवा आणि दर दोन आठवड्यांनी, एकाच वारी, पुन्हा भरा. सोमवारी भरलेले आणि शुक्रवारी भरलेले गुण एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ नसतो. स्वतःचे उपाय चार आठवडे नियमित करूनही गुण चार-पाचांनी उतरले नाहीत तर समुपदेशकाकडे जा. सीबीटीला सहा सत्रं द्या, औषधाला ठरलेल्या मात्रेत सहा ते आठ आठवडे. त्याआधी बदललं तर काय चाललं नाही हेही कळत नाही. डॉक्टरांकडे जाताना हा कागद, चालू औषधांची यादी, टीएसएचचा रिपोर्ट आणि सध्या दिवसाला किती चहा, किती सिगारेट, आठवड्याला किती दारू याची खरी नोंद घेऊन जा. पहिल्या भेटीचा निम्मा वेळ ही माहिती गोळा करण्यातच जातो. ती हातात असेल तर तो वेळ तुमचं ऐकून घ्यायला मिळतो.